ताफा मागून रिकामा होतो

क्लबच्या बैठकीत दर वर्षी तोच विषय निघतो: डिंगी रेसला (डिंगी म्हणजे छोटी शिडाची होडी) होड्या कमी का झाल्या? आणि दर वर्षी त्यावर तावातावाने बोलतात ते पहिल्या पाचात येणारे. कोर्स, म्हणजे रेसचा मार्ग, फार छोटा होता, स्टार्ट लाइन वाऱ्याला काटकोनात नव्हती, बाहेरच्या स्पर्धांना कोणी जात नाही, होड्या जुन्या झाल्या. असेलही खरं. पण ही मंडळी तर येतातच! वारा असो-नसो, हे हजर. जे यायचे थांबले ते पहिल्या पाचात कधीच नव्हते, आणि ते बैठकीलाही येत नाहीत.

मी बरीच वर्षं ताफ्याच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात असते. चाळिशीनंतर शिकले, गुडघे कुरकुरतात, आणि स्टार्टच्या गर्दीत घुसायचा धीटपणा माझ्यात नाही. जी माणसं सोडून गेली ती माझ्या आजूबाजूची होती. एक जण नोकरी बदलली म्हणून, एक जण पाठीचं निमित्त सांगून, एक बाई काहीच न बोलता. त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क पहिल्या पाचांपेक्षा माझा थोडा जास्त आहे असं मी धरून चालते.

मागून रेस कशी दिसते ते आधी सांगते, कारण पुढच्यांना ते खरंच माहीत नसतं. पाच मिनिटं उरली की पहिला इशारा, चार मिनिटांना तयारीचा झेंडा वर, एक मिनिट उरलं की तो खाली, आणि मग सुटायचं. चांगल्या खलाशाच्या दृष्टीने रेस इथे सुरू होते. माझ्यासारखीची इथे निम्मी संपते. पहिल्या रांगेत जागा मिळाली नाही की दुसऱ्या रांगेतून सुटायचं, म्हणजे पुढच्या शिडांनी घुसळून नासवलेला वारा आपल्या वाट्याला. टॅक करून, म्हणजे होडीचं नाक वाऱ्यातून फिरवून, मोकळ्या वाऱ्यात जावं तर आपण पोर्टवर, म्हणजे वारा डावीकडून घेणारे, आणि समोरून स्टारबोर्डवाल्यांची, म्हणजे वारा उजवीकडून घेणाऱ्यांची, रांगच्या रांग. त्यांना वाट द्यायलाच हवी. एकेकाच्या मागून वळसे घेत बाहेर पडेस्तोवर पुढचे पहिल्या बोयाला, म्हणजे वळायच्या तरंगत्या खुणेला, लागलेले असतात. मग उरलेली रेस एकटीने, रिकाम्या पाण्यावर.

आणि खरा चटका शेवटी बसतो. पहिला माणूस फिनिश होऊन वीस मिनिटं झालेली असतात. तो होडी वाऱ्याला तोंड करून निवांत बसलेला आहे, पाणी पितो आहे, शिडाचा आउटहॉल, म्हणजे खालची कड ताणणारी दोरी, नीट करतो आहे. सगळे आपल्यासाठी थांबलेत हे लांबूनही कळतं. आपण लाइन ओलांडतो आणि श्वास घ्यायच्या आत पुढच्या रेसचा इशारा वाजतो. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सगळ्यात कमी त्याला ती सगळ्यात जास्त, आणि जो दमून, भिजून, दोनदा उलटून आलाय त्याला शून्य. हे दोन-तीन रविवार झालं की कुणाच्याही पाठीला दुखणं येईल.

हे कुणी मुद्दाम करत नाही. माझ्यावर रेस ऑफिसरची, म्हणजे रेस चालवायची, पाळी येते तेव्हा मलाही कळतं की समिती-होडीवरून सगळं लक्ष पहिल्या चार होड्यांवर जातं. म्हणून आम्ही काही जणांनी हट्टाने एक पद्धत आणली: फेऱ्या अगदी छोट्या, आणि ठरलेली वेळ झाली की प्रत्येकाने लाइनवर पुढच्या खेपेला येताच फिनिश व्हायचं, मग त्याच्या फेऱ्या कितीही झालेल्या असोत. निकाल सरासरी फेरीवर. समजा पुढच्याने चाळीस मिनिटांत चार फेऱ्या मारल्या, त्याची सरासरी दहा. मी बेचाळीस मिनिटांत तीन मारल्या, माझी चौदा. तो जिंकला, यात वाद नाही. पण मी त्याच्यानंतर दोन मिनिटांनी फिनिश झाले, सगळ्यांसोबत थांबले, सगळ्यांसोबत पाणी प्यायले. छोट्या फेऱ्यांचा आणखी एक फायदा कुणाच्या लक्षात आला नव्हता. ताफा सारखा एकमेकांत मिसळत राहतो, त्यामुळे मागच्याला पुढचा माणूस बोया कसा वळतो हे दहा हातांवरून बघायला मिळतं. प्रशिक्षणाच्या कितीतरी तासांत जे डोक्यात शिरत नाही ते असं एका दुपारी शिरतं.

सुरुवातीला विरोध झाला. 'ही काय रेस, ही तर चक्री.' तक्रार करणाऱ्यांना मी एवढंच म्हटलं की ऐंशी मिनिटांच्या एका रेसऐवजी वीस-वीस मिनिटांच्या चार घेतल्या तर तुम्हाला चार स्टार्ट मिळतील, आणि तुम्हीच तर म्हणता स्टार्टमध्येच सगळं आहे. चार निकालांतला एक वाईट निकाल टाकून देता येतो हा आणखी फायदा. एका मोठ्या रेसमध्ये पहिल्या मिनिटाला घात झाला की दिवस संपला.

आता मजेचं बोलू. लोकांना वाटतं मजा जिंकण्यात आहे. माझ्या आठवणीतली सगळ्यात भारी रेस सतराव्या क्रमांकासाठी होती. आम्ही तिघं, तिघांच्या होड्या जुनाट लेसर (एकट्याने चालवायची डिंगी), वारा पाठीवर, शेवटचा बोया समोर. मी मागे होते म्हणून त्यांच्यावर माझ्या शिडाची सावली टाकायची संधी मला होती. बोयापासून तीन होड्यांच्या लांबीचं वर्तुळ सुरू झालं त्या क्षणी कोण आतल्या बाजूला होतं यावर आम्ही किनाऱ्यावर आल्यावरसुद्धा वाद घालत होतो. पहिला कोण आला हे मला आजही आठवत नाही.

अशी रेस व्हायला दोन गोष्टी लागतात: होड्या सारख्या आणि माणसं जवळपास सारखी. दुसरी गोष्ट आपल्या हातात नाही. पहिली आहे, आणि तिथेच क्लब चुकतात असं माझं मत. दहा सभासद, दहा जातींच्या होड्या. मग पोर्ट्समथ यार्डस्टिकचा आधार घ्यायचा. ही पद्धत 1947 पासून चालत आली आहे, आणि साधी आहे: प्रत्येक जातीच्या होडीला एक आकडा, आपल्या वेळेला हजाराने गुणून त्या आकड्याने भागायचं. लेसरचा आकडा अकराशेच्या आसपास, मिरर नावाच्या संथ डिंगीचा चौदाशेच्या. लेसरला पंचावन्न मिनिटं लागली आणि मिररला सत्तर, तर दोघांचे हिशेबी मिनिट पन्नास, बरोबरी! गणित चोख आहे आणि मिश्र ताफ्याला त्याशिवाय गत्यंतर नाही. पण पाण्यावर लढाई कुणाशी चालली आहे तेच कळत नाही. शेजारची होडी खरी प्रतिस्पर्धी नसते आणि खरा प्रतिस्पर्धी कुठेतरी अर्ध्या फेरीवर असतो. निकाल कागदावर लागतो, आपल्या अंगावर येत नाही. शिवाय वारा वाढला आणि हलकी होडी पाण्यावर उचलली जाऊन घसरायला लागली की तो आकडा तिच्या बाजूने झुकतो. वारा पडला की भलत्याच कुणाला फायदा.

म्हणून कुणी नवी होडी घ्यायचं म्हणतं तेव्हा मी एकच सल्ला देते: सगळ्यात चांगली नको, शेजाऱ्याकडे आहे तीच घे. सहा नव्याकोऱ्या वेगवेगळ्या होड्यांपेक्षा सहा जुन्या एकसारख्या होड्यांत दसपट गंमत आहे.

आणि ते स्वस्तही पडतं. डिंगीचा सगळा इतिहासच मुळी स्वस्ताईचा आहे. ऑप्टिमिस्ट घ्या. 1947 मध्ये फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटरला क्लार्क मिल्स यांनी ती काढली ती मुलांना बापाच्या मदतीने घरीच ठोकून बनवता यावी म्हणून. आठ फूट लांबीच्या प्लायवुडच्या तक्त्यांतून निघेल असा तिचा डबा. म्हणून तर तिचं नाक असं कापल्यासारखं. मिरर तर एका वर्तमानपत्राने पुढे आणली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवून, सांध्यांवर काचतंतूची पट्टी आणि राळ लावून होडी उभी करायची युक्ती वापरली. बोटबांधणीचा अनुभव नसलेल्यांनी गॅरेजमध्ये, बैठकीच्या खोलीत होड्या बांधल्या. सत्तर हजारांवर झाल्या. आणि लेसर म्हणजे ब्रूस कर्बी यांनी 1969 मध्ये फोनवर बोलता बोलता कागदावर ओढलेल्या रेघा. गाडीच्या टपावर बांधून नेता येईल अशी होडी हवी, एवढीच मागणी होती. दोन लाखांच्या वर बनल्या. कागदोपत्री आता तिला आयएलसीए म्हणतात, पण किनाऱ्यावर लेसरच.

लेसरची सगळ्यात शहाणी गोष्ट मला फार उशिरा उमगली. एकाच सांगाड्यावर तीन शिडं बसतात: 7.06, 5.76 आणि 4.7 चौरस मीटरची. डोलकाठीचा खालचा तुकडा आणि शीड बदललं की झालं. म्हणजे घरातला धिप्पाड माणूस, त्याची बायको आणि शाळकरी मुलगी यांना एक होडी पुरते. मधल्या मापाच्या शिडावर 2008 पासून ऑलिंपिकमध्ये महिलांची रेस होते. मी पण तेच शीड वापरते, आणि मला वाटतं माझ्यासारख्या निम्म्या लोकांनी मोठ्या शिडाचा नाद सोडला तर ते उलटायचे कमी आणि हसायचे जास्त. मोठं शीड लावून वाऱ्यात लोळण्यात कसला पुरुषार्थ आहे कुणास ठाऊक.

होड्या सारख्या असल्या तरी पैशाची शर्यत दुसऱ्या दाराने आत येते. ते दार म्हणजे शीड. सगळ्यांची शिडं एकाच मापाची असली तरी नवं आणि चार हंगाम वापरलेलं यात फरक असतो. कापड ताणलं जातं, शिडाचं पोट मागे सरकतं, होडी वाऱ्याच्या तोंडावर चढेनाशी होते. मग ज्याला परवडतं तो दर हंगामाला नवं घेतो. काही क्लास, म्हणजे होडीच्या एकेका जातीच्या संघटना, वर्षाला किती शिडं घ्यायची यावर मर्यादा घालतात. क्लबलाही हे करता येतं. आमच्याकडे क्लबच्या मालिकेत शीड किती जुनं हवं याचा नियम आणायचा प्रस्ताव मी मांडला, पडला. मग दुसरा मांडला: क्लबने सारखी शिडं घ्यावीत, चिठ्ठ्या टाकून वाटावीत. तोही पडला, पण यावेळी कमी मतांनी.

जुनी होडी घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. स्वस्त होडी आणि भिकार होडी यात फरक आहे. लेसर असेल तर डेकवर मुठीने दाबून बघा, पाय ठेवायच्या जागेभोवती दबतं का. डोलकाठी ज्या नळीत बसते त्या नळीत पाणी भरून ठेवा. पातळी खाली गेली तर नळी गळते आहे, आणि ते पाणी सांगाड्यात जातंय. तिथला सांधा एकदा भर वाऱ्यात सुटला की डोलकाठी डेक फाडून आडवी होते. डोलकाठीचा वरचा तुकडा जमिनीवर गडगडवून बघा, वाकलेला असेल तर डळमळतो. रिव्हेटजवळ पांढरी बुरशीसारखी पूड दिसली की समजा ॲल्युमिनियम कुजायला लागलंय, आणि तो तुकडा नेमका तिथेच मोडतो. एवढं ठीक असेल तर बाकी ओरखडे, फिका रंग, आधीच्या मालकाने डेकवर रंगवलेलं प्रेयसीचं नाव, सगळं चालतं. माझ्या होडीवर आहे. पुसलं नाही.

याहून स्वस्त प्रकार म्हणजे स्वतःची होडी नसणंच. क्लबच्या सहा एकसारख्या होड्या असल्या तर टीम रेसिंग होतं, आणि हा खेळ अजून इतक्या कमी लोकांना माहीत का आहे याचं मला नवल वाटतं. तीन विरुद्ध तीन. क्रमांकांची बेरीज करायची, जिची कमी ती टीम जिंकली. सहा होड्यांची एकूण बेरीज एकवीस, म्हणजे ज्यांची दहा किंवा कमी ते विजयी. आता गंमत बघा: पहिला आलेला माणूस हरू शकतो. एक, पाच, सहा म्हणजे बारा; समोरच्यांचे दोन, तीन, चार म्हणजे नऊ. त्यामुळे पुढे गेलेला माणूस मागे वळून पाहतो, थांबतो, प्रतिस्पर्ध्याच्या वाऱ्यात उभा राहून त्याला अडवतो, आपल्या मागच्या सोबत्याला पुढे काढतो. मागचा माणूस ओझं नसतो. त्याचा पाचवरून चौथा नंबर लागला की रेस फिरते. रेस दहा-एक मिनिटांची, लगेच होड्यांची अदलाबदल, म्हणजे 'तुझी होडी चांगली होती' हे रडगाणं बंद. आमच्या मागच्या बाकावरच्यांना जन्मात पहिल्यांदा कुणीतरी कळवळून हाक मारली, ये, ये, लवकर ये, तू आलीस की आपण जिंकलो! त्या दिवशी जे चेहरे मी पाहिले ते कुठल्या चषकाने झाले नसते.

हाकेवरून आठवलं. आरडाओरडा. 'स्टारबोर्ड!' ही आरोळी गरजेची आहे, सुरक्षेसाठीच. पण ती ज्या सुरात मारली जाते त्याने किती माणसं घालवली याची नोंद कुठल्याच निकालपत्रात नाही. नवखा माणूस बोयाजवळ अडकलेला, टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, कुठल्या बाजूला ढकलायचा हेच त्याला सुचत नाही, आणि तीन बाजूंनी तीन अनुभवी माणसं त्याला नियमांचे आकडे ऐकवतायत. नियम चुकला तर दोन गिरक्या घेऊन स्वतःच प्रायश्चित्त करायचं, ही मला या खेळातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. पंच नाही, शिट्टी नाही, माणूस आपला आपण गोल फिरतो. पण नवख्याला दोन गिरक्या म्हणजे रेस संपलीच. म्हणून आम्ही क्लबच्या सूचनापत्रात एक गिरकी पुरे असं लिहिलं. परिणाम उलटाच झाला: लोक जास्त प्रामाणिक झाले. शिक्षा आवाक्यात आली तेव्हा घेऊ लागले, आधी वाद घालायचे. ओरडणाऱ्यांसाठी वेगळा नियम आहे. ज्याने ओरडलं त्याने किनाऱ्यावर आल्यावर त्या नवख्याची होडी ट्रॉलीवरून वर ओढायला मदत करायची आणि तेव्हा, शांतपणे, नियम समजावायचा. लेखी नाही, पण पाळला जातो.

मुलांबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळा आणि मोठा विषय आहे. ऑप्टिमिस्टमध्ये पंधरापर्यंत. त्या वयात काही मुलं प्रशिक्षकाच्या मोटरबोटीमागे ओढली जात दोन दोन शिडांसह स्पर्धा करत असतात, आणि मर्यादा संपली की शीड गुंडाळून कायमची गायब. गॅरेजमध्ये ठोकलेल्या डब्याचं हे असं झालं. मला दोन माणसांच्या होड्या जास्त आवडतात. पुढे बसणाऱ्याला पहिल्या दिवसापासून काम असतं, भीती वाटली तर मागे कुणीतरी असतं, आणि अनुभवी माणूस मागे बसण्याऐवजी पुढे बसून नवख्याच्या हातात सुकाणू देऊ शकतो. गेल्या हंगामात एक बारा वर्षांची मुलगी मला म्हणाली, "मावशी, तुम्ही फक्त जिब सांभाळा, बाकी मी बघते." (जिब म्हणजे पुढचं छोटं शीड.) बघितलंही. मला स्टार्ट लाइनच्या पहिल्या रांगेतून नेलं, जिथे मी स्वतःहून कधी गेले नव्हते.

फॉइलवर, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जाऊन पाण्यावर उडणाऱ्या होड्यांबद्दल मला विचारलं जातं. त्यातली मॉथ नावाची होडी उडताना बघून माझाही श्वास अडकतो. साडेतीन मीटरसुद्धा लांब नसलेली होडी पाण्याला न टेकता जाते, ते पाहावंच. ज्याला जमतं त्याने करावं. पण त्यावर क्लबची रविवारची रेस उभी राहणार नाही, कारण तिथे रांगेच्या मागे उभं राहायलासुद्धा आधी बरंच काही यावं लागतं.

एक शेवटची मागणी, रेस ऑफिसरांकडे. कोर्समध्ये आडव्या वाऱ्याचा एक टप्पा ठेवा. समोरचा वारा आणि पाठीवरचा वारा, वर-खाली, वर-खाली, हे डावपेचांना उत्तम आहे, मान्य. पण डिंगी खरी सुटते ती आडव्या वाऱ्यावर. होडी उचलली जाते, पाण्याचा फवारा तोंडावर येतो, आणि मागचा माणूससुद्धा पुढच्याइतक्याच वेगाने ओरडत जातो. त्रिकोणी कोर्स लावायला एक बोया जास्त लागतो. तो टाकायला सेफ्टी बोटीवर माणूस कमी पडत असेल तर मला सांगा, माझी पाळी नसली तरी मी येईन. पुढच्या बैठकीत टीम रेसिंगला महिन्यातला एक रविवार द्यावा असा प्रस्ताव आहे. पहिल्या पाचातल्या तिघांनी आत्ताच नाराजी कळवली आहे. चौथ्याने गुपचूप विचारलंय, त्या बारा वर्षांच्या मुलीच्या टीममध्ये जागा आहे का.